मुखदर्शन आणि मज्जाव

तलमूदाच्या यबामोथ नामक प्रकरणात एका विलक्षण खटल्याची हकीकत नमूद आहे. न्यायासनावर यहूदाचा राजा मनश्शे. समोर आरोपी म्हणून उभा केलेला वृद्ध संदेष्टा यशया, जो यहुदी परंपरेच्या सांगण्याप्रमाणे त्या राजाच्या आईचा बाप. आणि फिर्याद अशी की, देवाला पाहून कोणी मनुष्य जिवंत राहत नाही असे आद्य गुरू मोशे सांगून गेला असताना या इसमाने प्रभूला उच्च सिंहासनावर विराजमान झालेले पाहिल्याचे लिहून ठेवले आहे, सबब हा एक तर खोटे बोलतो किंवा गुरुद्रोह करतो. यशया जाबजबाब देत नाही. त्याच्यापाशी उत्तर असते. परंतु ज्याने निकाल आधीच ठरवला आहे त्याच्यापुढे खुलासा केल्यास अजाणता होणारे पाप तो जाणूनबुजून करील, एवढ्याच विचाराने तो मौन पत्करतो, ईश्वराच्या नामाचा उच्चार करतो, आणि एक गंधसरूचा वृक्ष त्याला आपल्या पोटात घेतो. राजाची माणसे वृक्षाला करवत लावतात. ती तोंडापर्यंत पोचते तेव्हा त्याचे प्राण जातात, कारण याच तोंडाने त्याने एकदा आपल्या स्वजनांना अशुद्ध ओठांचे लोक म्हटले होते. ही कथा इतिहास म्हणून कोणी वाचू नये. पण आरोपी गेला तरी आरोप शिल्लक राहतोच, हे तलमूदाच्या पंडितांच्या नजरेतून सुटलेले नाही. मागाहून ते आरोपीचे वकीलपत्र घेतात आणि सांगतात की, इतर सर्व संदेष्ट्यांनी मलिन काचेतून पाहिले, मोशेने मात्र निर्मळ काचेतून. अकराव्या शतकातील फ्रान्समधील भाष्यकार राशी या उत्तरातील खोच उलगडतो ती अशी: मलिन काचेतून पाहणाऱ्यांना आपण पाहिले असे वाटले, आणि निर्मळ काचेतून पाहणाऱ्याला आपण पाहिलेले नाही हे कळले.

बायबलातील परस्परविरोधी वचनांचा हा बखेडा अलीकडच्या नास्तिकांनी उकरून काढला, अशी पुष्कळांची समजूत असते. आणि असा बखेडा मुळात नाहीच, वाचणाऱ्याच्या बुद्धीचा तो दोष आहे, अशी कित्येक भाविकांची. दोन्ही समजुती वरील खटल्यापुढे टिकत नाहीत. विरोध आहे, तो उघड आहे, आणि ज्यांनी या ग्रंथावर जीव ओवाळून टाकला त्यांनीच तो प्रथम पाहिला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायाचे अठरावे वचन मनुष्याच्या दृष्टीस देव कधीच पडलेला नाही असा निर्वाळा देते. तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र देवाचा वास ज्या तेजात आहे तेथे कोणाची गती नाही असे म्हणते. उलट पक्षी अब्राहामाला मम्रे येथे भर दुपारी तंबूच्या दाराशी बसला असता परमेश्वराने दर्शन दिले. अहाब राजाच्या दरबारात मीखाया नावाचा संदेष्टा, स्वर्गीय सेनेने वेढलेल्या परमेश्वराला आपण पाहिले, असे बेधडक सांगतो. आमोसाला तो वेदीपाशी उभा दिसला. आणि ईयोब, ज्याने आयुष्यभराचे दुःख भोगून देवालाच जाब विचारला होता, तो अखेरीस कबूल करतो की आजवर कानांनी ऐकलेले आता डोळ्यांनी पाहिले.

पण या सर्व मजकुरात निर्गमाच्या ग्रंथातील दोन अध्याय असे आहेत की, ज्याने ते सावकाश वाचले नाहीत त्याने या विषयाला हात घालू नये. पहिला चोविसावा. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी करार झाला आहे, अर्धे रक्त वेदीवर आणि अर्धे लोकांवर शिंपडले गेले आहे, आणि मग मोशे, अहरोन, त्याचे दोन पुत्र नादाब व अबीहू आणि इस्राएलाचे सत्तर वडीलधारे असे एकंदर चौऱ्याहत्तर लोक पर्वतावर चढतात. तेथे ते इस्राएलाच्या देवाला पाहतात. स्वप्नाचा उल्लेख नाही, दूताचा नाही, उपमेचा आडपडदाही नाही. आणि पाहिल्यावर ते काय करतात? जेवतात. करारानंतरचे सहभोजन व्हावे तसे त्या सन्निधीत त्यांचे खाणेपिणे होते, आणि लेखक मध्येच एवढेच सांगतो की देवाने त्या वडीलधाऱ्यांवर हात टाकला नाही. हे वाक्य सहज आलेले नाही. हात टाकला जाणे हेच जेथे रीतसर झाले असते, तेथेच तो टाकला नाही हे सांगण्याची गरज पडते.

दुसरा अध्याय तेहतिसावा. सोन्याच्या वासराचे प्रकरण नुकतेच घडलेले, लोकांनी अंगावरचे दागिने उतरवलेले, छावणीपासून दूर उभारलेल्या तंबूच्या दाराशी मेघस्तंभ येऊन थांबलेला. अकराव्या वचनात लेखक सांगतो की, मित्र मित्राशी बोलतो तसा परमेश्वर मोशेशी समोरासमोर बोलत असे. आणि अवघ्या नऊ वचनांनंतर तोच परमेश्वर त्याच मोशेला बजावतो की, माझे मुख तुला पाहता येणार नाही, कारण ते पाहून कोणी मनुष्य जगत नाही. दोन ग्रंथांतला, दोन शतकांतला किंवा दोन पंथांतला विरोध समजावून देता येतो. एकाच अध्यायाच्या एकाच पानावर, एकाच माणसाविषयी केलेली ही दोन विधाने म्हणजे दफ्तरातल्या एखाद्या डुलक्या खाणाऱ्या कारकुनाची नजरचूक, असे समजणे ज्याला सोयीचे वाटते त्याने खुशाल समजावे. मला ते पटत नाही. कारण त्यापुढील प्रसंग या विरोधावरच रचलेला आहे. मोशेची दरखास्त पुरी मान्य होत नाही आणि पुरी फेटाळलीही जात नाही. खडकाच्या भेगेत त्याला उभे केले जाईल, तेज जवळून जात असता देव स्वतःच्या हाताने त्याला झाकील, आणि मग हात काढून घेतल्यावर त्याला पाठ दिसेल, मुख नाही. ज्याच्यापासून वाचायचे त्याच्याच हाताने वाचायचे, अशी ही तजवीज आहे. तलमूदाच्या एका पंडिताने, मोशेला त्या वेळी देवाच्या मस्तकामागील प्रार्थनापट्ट्याची गाठ दिसली, असे म्हणून ठेवले आहे, म्हणजे देवही प्रार्थनेचा पट्टा बांधतो; आणि चौथ्या शतकातील नीस्साचा ग्रेगरी म्हणतो की, वाटाड्याच्या मागून चालणाऱ्याला त्याची पाठच दिसते, ज्याला त्याचे तोंड दिसते तो उलट दिशेने चालला आहे असे समजावे, म्हणून देवाला अनुसरणे हेच देवाला पाहणे.

देवाला पाहिले असे म्हणणाऱ्यांच्या जबान्या एकेक जवळून तपासल्या म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. याकोब यब्बोक नदीच्या उतारापाशी रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झुंजतो, त्याच्या मांडीचा सांधा निखळतो, पहाट होऊ लागताच तो पुरुष निघू पाहतो आणि नाव विचारले तर सांगत नाही. आणि त्या स्थळाला पनीएल हे नाव देताना याकोब जे बोलतो त्यात देवाला समोरासमोर पाहिल्याचा अभिमान थोडा आणि पाहूनही आपण वाचलो याचे आश्चर्य फार आहे. गिदोनाला समोर कोण होते हे कळते त्याच क्षणी तो हवालदिल होतो, आणि तू मरणार नाहीस असे त्याला मुद्दाम सांगावे लागते. मानोहा बायकोला म्हणतो की आता आपले मरण ठरलेलेच. तर ती बाई, जिचे नावसुद्धा ग्रंथकाराने दिलेले नाही, त्याला शांतपणे समजावते की, आपला जीवच घ्यायचा असता तर त्याने आपले होमार्पण स्वीकारले नसते आणि पुढे काय होणार हेही आपल्याला कळवले नसते. इतका रोकडा युक्तिवाद संपूर्ण बायबलात क्वचितच कोणा पंडिताने केला असेल. उज्जीया राजा वारला त्या वर्षी, म्हणजे इसवीसनापूर्वी ७४० च्या सुमारास, यशयाने जे पाहिले त्यावर त्याचा पहिला उद्गार धन्यतेचा नसून आपला नाश झाला असा आहे. सारांश, देव दिसतो असे सांगणारा साक्षीदार उलटतपासणीत देवाला पाहणारा जगत नाही याच नियमाची साक्ष देऊन जातो. ज्यांना आपण दोन पक्ष समजत होतो त्यांना एकमेकांची पुरती ओळख आहे.

आणि हे लोक पाहतात तरी काय? सीनायवरच्या चौऱ्याहत्तर जणांनी देवाला पाहिले, परंतु वर्णन येते ते त्याच्या पायांखालच्या, नीलमण्यांनी बांधल्यासारख्या व आकाशासारख्या स्वच्छ फरशीचे. यशयाच्या लेखणीतून सिंहासन उतरते, झग्याच्या घोळाने भरून गेलेले मंदिर उतरते, सहा पंखांपैकी दोन पंखांनी स्वतःचे तोंड झाकणारे सराफीम उतरतात, धुराने भरलेले घर उतरते. मुखाविषयी एक अक्षर नाही. बाबेलच्या बंदिवासात खबार नदीच्या काठी यहेज्केलाला जे दिसले त्याचा तपशील सांगताना तो चाके, पंख, अंगार यांवर पाने खर्ची घालतो, आणि सिंहासनावरच्या आकृतीपाशी येताच, देव दिसला असे न म्हणता, देवाच्या तेजाच्या प्रतिरूपाचा आभास झाला, असे एकामागून एक तीन पडदे सोडतो. होरेब पर्वतावर एलीया तर मंद वाणी ऐकताच अंगावरच्या वस्त्राने तोंड झाकून घेतो. एकटा दानीएल, तोही रात्रीच्या दृष्टान्तात, पुराणपुरुषाचे लोकरीसारखे पांढरे केस पाहिल्याचे सांगतो, आणि पुढे शेकडो वर्षे युरोपच्या चित्रकारांनी त्या एका वचनाच्या आधारावर दाढीधारी पिता रंगवला. रशियन धर्मपंडितांच्या मॉस्को येथील १६६६-६७ च्या सभेने असे चित्रण निषिद्ध ठरवले. त्याआधी, तिसऱ्या शतकात, युफ्रातीसकाठच्या दुरा-युरोपोस येथील यहुदी सभागृहाच्या भिंती रंगवणाऱ्या कारागिराने देवासाठी ढगातून निघालेला नुसता हात काढला होता. मला तो कारागीर मूळ ग्रंथाच्या अधिक जवळचा वाटतो.

इतिहाससंशोधकांचे म्हणणे येथे विचारात घेतलेच पाहिजे. जर्मन पंडित युलियुस वेलहाउझेन याने १८७८ साली आपला प्रसिद्ध ग्रंथ काढला तेव्हापासून मोशेच्या नावे चालणारी पाच पुस्तके वेगवेगळ्या काळांतील लेखनप्रवाह एकत्र गुंफून झाली, हे मत, तपशिलात पुष्कळ फेरबदल होऊनही, सामान्यतः मान्य आहे. जुन्या कथांतला देव बागेत फिरतो, अब्राहामाकडे जेवतो, याकोबाशी झुंजतो. अनुवाद या पुस्तकाचा लेखक मात्र होरेबवर तुम्ही केवळ वाणी ऐकलीत, आकार कसलाच पाहिला नाहीत, हे निक्षून सांगतो आणि त्यावरूनच मूर्ती न करण्याचा दंडक काढतो. याजकवर्गाचा लेखक देवाच्या ठिकाणी त्याचे तेज ठेवतो. ही उपपत्ती ही वचने कोठून आली हे चांगले सांगते. ती एकत्र का राहिली, हे मात्र तिच्याने सांगवत नाही. ज्या संपादकांनी इतके प्रवाह एकत्र आणले त्यांना नऊ वचनांच्या अंतरावरील एक ओळ गाळणे अवघड नव्हते. तशी इच्छा पुढच्यांना झाली, याचा पुरावाही आहे: अलेक्झांड्रियाच्या यहुद्यांनी केलेल्या ग्रीक भाषांतरात सीनायवरचे वडीलधारे देवाला न पाहता देव जेथे उभा होता ते स्थळ पाहतात, आणि अरामी तार्गुमात ते त्याचे तेज पाहतात. तरीही याच ग्रीक भाषांतरकारांनी याकोबाच्या पनीएलला धक्का लावलेला नाही. मनुष्याची सावधगिरी अशीच अर्धवट असते.

ख्रिस्ती शास्त्रींच्या हाती हा प्रश्न आला तेव्हा त्याला नवीच कलाटणी मिळाली. योहान देव कोणाला दिसलेला नाही असे म्हणून थांबत नाही. पित्याच्या उराशी असलेल्या पुत्राने त्याला प्रकट केले, हे त्या वचनाचे उत्तरार्ध आहे, आणि पुढे याच शुभवर्तमानात यशयाने पाहिले ते ख्रिस्ताचे तेज होते असा खुलासाही येतो. योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तेच पूर्वार्ध जवळजवळ जसेच्या तसे आले आहे, पण उत्तरार्ध निराळे आहे: आपण एकमेकांवर प्रीती केली तर देव आपल्यात राहतो. वादविवाद करणारे बहुधा पहिलेच उत्तरार्ध उचलतात. दुसऱ्या शतकात जस्टिन याने त्रिफो नावाच्या यहुद्याशी केलेल्या संवादात अब्राहामाला, याकोबाला, मोशेला दिसला तो अवतारापूर्वीचा पुत्र होय, पिता अदृश्यच राहिला, असे सांगून सगळा कज्जा एका फटक्यात मिटवला. आणि मिटवताना एक मोठा कज्जा उभा केला. कारण पिता अदृश्य व पुत्र दृश्य असे ठरले की दोघांचे स्वरूप एक कसे, हा प्रश्न आलाच. आणि चौथ्या शतकात एरियसचे अनुयायी नेमका तोच विचारू लागले. ३२५ साली नायसियाच्या सभेने पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असा निवाडा दिल्यावर जस्टिनचे उत्तर गैरसोयीचे झाले. म्हणून ऑगस्टिनाने आपल्या त्रैक्यावरील ग्रंथात वाट बदलली: पूर्वजांना दिसली ती दूतांच्या द्वारे निर्माण केलेली रूपे, ईश्वराचे स्वतत्त्व नव्हे, आणि ४१३ च्या सुमारास पौलिना नामक बाईला लिहिलेल्या दीर्घ पत्रात, देवाला पाहणे हे शरीराच्या डोळ्यांचे काम नसून शुद्ध झालेल्या अंतःकरणाचे आहे, हे त्याने सविस्तर मांडले. उत्तर प्रौढ आहे. मात्र सत्तर वडीलधाऱ्यांच्या जेवणाला ते नीट लागू पडत नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे.

पुढील शतकांची कैफियत, ज्या ग्रंथाची ही प्रस्तावना आहे त्यात, विस्ताराने आली असल्यामुळे येथे तिचा धावता उल्लेख पुरे. बाराव्या शतकात मोशे बेन मैमोन याने पाहणे म्हणजे बुद्धीने जाणणे असा अर्थ लावून, त्या वडीलधाऱ्यांचे जाणणे उतावळे व अपुरे होते असा त्यांच्यावर उलट ठपका ठेवला. चौदाव्या शतकात एथॉस पर्वतावरील जोगी प्रार्थनेत दिसणाऱ्या प्रकाशाला ईश्वरी म्हणत, तेव्हा ग्रेगरी पालामास याने ईश्वराचे तत्त्व अगम्य पण त्याच्या शक्ती अनुभवगम्य असा भेद करून त्यांची बाजू घेतली व कॉन्स्टँटिनोपलच्या १३५१ च्या सभेने ती मान्य केली. पश्चिमेकडे त्याच शतकात खुद्द पोपच अडचणीत सापडले. बाविसावे जॉन यांनी १३३१ च्या सर्वसंतदिनापासून दिलेल्या प्रवचनांत पुण्यात्म्यांनासुद्धा अंतिम न्यायाच्या आधी देवाच्या तत्त्वाचे दर्शन होत नाही, असे मत मांडले. पॅरिसचे पंडित खवळले, आणि वृद्ध पोपांनी डिसेंबर १३३४ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी ते मागे घेतले. त्यांचे वारस बारावे बेनेडिक्ट यांनी २९ जानेवारी १३३६ रोजी फर्मान काढून, शुद्ध झालेले आत्मे मृत्यूनंतर लागलीच ईश्वराला समोरासमोर पाहतात, असे ठरवून टाकले. पनीएलच्या उतारावर पडलेल्या प्रश्नावर आव्हिन्यों येथील पोपांच्या दफ्तरातून हुकूम सुटावा, हे या विषयाच्या इतिहासातले सर्वांत मौजेचे पान आहे.

मराठी वाचकाला या वादाची गोडी लागण्यास एक अडचण आणि एक सोय आहे. ज्याच्याकडे मुखदर्शनासाठी लोक शेकडो मैल चालत जातात आणि जो विटेवर उभा राहून सर्वांना सारखाच दिसतो, त्या देवाच्या सहवासात वाढलेल्या मनाला पाहणे आणि मरणे यांची सांगड चमत्कारिक वाटणार, ही अडचण. विश्वरूपदर्शनाचा अकरावा अध्याय त्याला पाठ असतो, ही सोय; तेजापुढे गांगरून गेलेला आणि नेहमीचे सौम्य रूप परत मागणारा अर्जुन त्याच्या ओळखीचा आहे. पण ओळख लागली की सगुण आणि निर्गुण हे आपले दोन खण उघडून त्यांत बायबलची वचने वाटून टाकण्याचा मोह आवरावा. अर्जुनाला पाहण्यासाठी दिव्य दृष्टी दिली जाते. मोशेची दृष्टी होती तशीच राहते आणि तिच्यावर हात ठेवला जातो. हा फरक लहान नाही. एका परंपरेत अधिकार वाढवून दर्शन घडते, दुसऱ्या परंपरेत दर्शन आखडून माणूस वाचवला जातो.

प्रस्तुत ग्रंथात ही सर्व वचने मूळ संदर्भासह एकत्र केली असून, त्यांवरील यहुदी व ख्रिस्ती भाष्ये कालक्रमाने दिली आहेत. विरोध मिटवण्याची घाई लेखकाने कोठेही केलेली नाही, हा या ग्रंथाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केडगावी केलेले भाषांतर ज्यांच्या संग्रही असेल त्यांनी ते प्रचलित आवृत्तीबरोबर ताडून पाहावे. हिब्रू प्रतीत उत्पत्तीच्या बत्तिसाव्या अध्यायाचा वचनक्रम एकाने पुढे असतो, तेव्हा पनीएलचे वचन तिसावे न सापडल्यास एकतिसावे पाहावे. वाचकांना एकच विनंती: पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी निर्गमाचे चोविसावा व तेहतिसावा हे दोन अध्याय, कोणतेही भाष्य जवळ न घेता, एका बैठकीत वाचावेत, आणि मगच भाष्यकारांचे ऐकावे.